अक्ष अजून लागला नाही

सेलूत नोकरीला रुजू झालो तेव्हा पहिले काही आठवडे खोली शोधण्यात गेले, आणि त्या काळात मला खोली सोडून सगळं मिळालं. चहा मिळाला, गूळ-शेंगदाणे मिळाले, पोस्टातल्या कारकुनाला पुढं बढती मिळते का याची आस्थेनं चौकशी झाली. मग घरवाले सहज आठवल्यासारखं आडनाव विचारायचे. माझं आडनाव ऐकलं की गावकुसाबाहेरची वस्ती त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहायची, आणि खोली नेमकी कालच पाहुण्यांना देऊन झालेली असायची. एका घरी तर मी तोंड उघडायच्या आधीच पाहुणे आलेले होते. मी रोज परभणीहून गाडीनं येत होतो, गाडी रोज उशिरा येत होती, आणि साहेबांनी मला स्पष्ट बजावलं होतं की सेलूत राहणार असाल तरच नोकरीत राहाल.

अशा वेळी मला एक घरमालक भेटले. ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. पाण्यानं भरलेल्या बशीत सुपारीची खांडं तरंगत होती आणि ती एका बाजूला का जातात हे ते बारकाईनं बघत होते. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मान वर न करता प्रश्न टाकला.

"लोखंड किती हाय तुमच्याजवळ?"

"एक पेटी आहे."

"ती खाली पडवीत राहील. वर न्यायची न्हाई. खाट?"

"खाट नाही."

"लय चांगलं. कुलूप पितळी घ्या."

आडनावाचं नावच नाही. पुढं भानगड नको म्हणून मी आपणहून सांगून टाकलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "त्यात लोखंड हाय का?"

मी नाही म्हणालो. खोली मला मिळाली.

लोखंडाची भानगड वर गेल्यावर कळली. माझ्या खोलीच्या डोक्यावर गच्ची होती आणि गच्चीच्या मधोमध गुडघाभर उंचीचा विटांचा खांब. खांबावर त्यांनी स्वतः घडवलेली दुर्बीण. नळी पत्र्याची, गावातल्या कारागिराकडून वळवून घेतलेली. तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला जात्याची तळी टांगलेली. मालक पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. कालव्यांच्या रेघा ओढता ओढता निवृत्त झाले आणि घरी येऊन त्यांनी पृथ्वीच्या अक्षाला हात घातला.

गोष्ट तशी साधी होती. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. दुर्बिणीची बैठक जर अशी बसवली की तिचा अक्ष बरोबर आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडं रोखलेला राहील, तर एकच दांडी हळूहळू फिरवत राहिलं की तारा दुर्बिणीत जागच्या जागी थांबतो. अक्ष जरा चुकला की तारा पळाला. दुसरा कुणी असता तर त्यानं 'पळाला तर पळाला' म्हणून नळी हातानं ढकलली असती आणि चंद्र बघितला असता. मालकांना ते पटणं शक्य नव्हतं.

"आधी बूड सरळ करा," हे त्यांचं सगळ्या प्रश्नांवरचं म्हणणं. जेवायला बसले की पाटावर पाणसळ ठेवायचे, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की मगच आमटी वाढायची मुभा. देव्हाऱ्याला ओळंबा लावून त्यांनी देव सरळ केले होते. एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वैतागून विचारलं, "अहो, देव वाकडे असले तर काय बिघडायलंय?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "देवाचं काही न्हाई. बघणाराची मान वाकडी हुती."

त्यांनी दुर्बिणीतून काय बघितलं, असं मला पुढं पुष्कळ जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर काहीच नाही. त्यांनी अक्ष लावला. मी राहायला जायच्या आधीपासून लावत होते. गल्लीतलं कुणी म्हणालं की मालक, जरा चंद्र दाखवा की, तर उत्तर ठरलेलं. "अक्ष अजून लागला न्हाई." बघायच्या भिंगाला डोळा टेकवायचीही कुणाला परवानगी नव्हती. डोळा टेकला की नळी हलते. काकूंनाही नाही. काकूंना आयुष्यात एकदा शनी बघायचा होता. साडेसातीत त्यानं इतकं छळलं, म्हणायच्या, तर निदान तोंड तरी बघू द्या त्याचं. मालक म्हणायचे, दाखवतो, अक्ष लागू दे. काकूंची साडेसाती संपली, अक्ष लागायचा राहिला.

सुरुवात त्यांनी होकायंत्रानं केली होती. घरातलं लोखंड होकायंत्राच्या सुईला ओढतं म्हणून तवा, विळी, खलबत्ता, सगळं मागच्या न्हाणीत गेलं. काकू काही दिवस न्हाणीत भाकरी भाजायच्या, नंतर त्यांनी मातीचा तवा आणला. मग मालकांच्या ध्यानात आलं की दुर्बिणीची बैठक स्वतःच लोखंडाची आहे, आणि वरून सुईची उत्तर खरी उत्तर नसतेच. होकायंत्र त्यांनी कायमचं बासनात बांधलं. लोखंडबंदी मात्र उठली नाही. नियमाचं कारण गेलं म्हणून नियम काढायचा, हे सरकारी खात्यात त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग सावली आली. गच्चीवर खडूनं वर्तुळ काढायचं, मध्ये एक काठी ओळंब्यात उभी करायची. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं की खूण, दुपारनंतर पुन्हा शिवलं की खूण, दोन्हींच्या मधून काठीपर्यंत रेघ ओढली की खरी उत्तर. रीत जुनी आणि पक्की. पण गच्चीवर काकूंच्या पापडांचाही हक्क होता. एका दुपारी सावलीचं टोक नेमकं एका पापडावर आलं. मालकांनी पापड हलवू दिला नाही, कारण खाली खूण होती. काकूंनी खूण पुसून पापड उचलला. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही, आणि मला दोन्हीकडून वेगवेगळा चहा मिळाला. आधी माझा कप वेगळा असायचा, हेही सांगितलं पाहिजे. त्या चहाच्या वेळी मला कळलं की काकूंनी तो वेगळा ठेवणं कधीच सोडून दिलंय. नेमकं कधी, ते त्यांनाही आठवलं नसतं.

ध्रुवतारा बघून अक्ष लावणं सगळ्यात सोपं. आमच्याकडं ध्रुव फार खाली, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या जेमतेम दोन मुठींवर. मालक निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यामुळं ध्रुवाला कधी कधी कुतुब म्हणायचे. पण त्याच्याबद्दल त्यांना आदर नव्हता. "तो हद्दीजवळचा दगड हाय, हद्द न्हवं," असं म्हणायचे. आकाशाचा खरा ध्रुवबिंदू त्या ताऱ्यापासून पाऊणएक अंश बाजूला असतो आणि ताराही त्याच्याभोवती बारीकशी फेरी मारतो, हे त्यांना जगापासून लपवून ठेवल्यासारखं वाटायचं. वालूरला काकूंच्या भाचीचं लग्न होतं. गोरज मुहूर्त. भटजींनी मांडवाच्या कापडाकडं बोट करून नवरा-नवरीला म्हटलं, ध्रुव बघा, त्याच्यासारखे अढळ राहा. दोघांनी कापडाकडं बघून 'बघितला' म्हटलं. एवढ्यात मालक उभे राहिले.

"भटजीबुवा, ध्रुव तिकडं, त्या कडब्याच्या गंजीमागं हाय. अन् तो अढळ न्हाई. तोबी फिरतो. पोरांना खोटं कशाला सांगायलाय?"

नवरीच्या बापानं त्यांना हाताला धरून जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवलं. पंगतीत त्यांनी पत्रावळीखालची जमीन सपाट करायला घेतली.

पण ध्रुवाचा सोपा मार्गही त्यांना लाभला नाही. त्यांच्या उत्तरेला सरकी-पेंडीच्या एका व्यापाऱ्याचं घर होतं. एका वर्षी पेंडीला भाव आला आणि पेंडवाल्यांनी माडी चढवली. ध्रुव माडीच्या भिंतीमागं गेला. मालक पेंडवाल्यांकडं गेले आणि त्यांनी माडीला उत्तर-दक्षिण एक खिडकी ठेवण्याची विनंती केली, आरपार. तिथं पेंडवाल्यांचं न्हाणीघर यायचं होतं. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बेताचं राहिलं.

शेवटी राहिली ती तारा सरकण्याची रीत, आणि याच रीतीनं ते दोन वर्षं झिजले. ध्रुव बघायची गरजच नाही. दक्षिणेला ऐन माथ्याच्या रेघेवर आलेला एखादा तारा धरायचा. थंडीत संध्याकाळी ते मृगाच्या बाणातला वरचा तारा घ्यायचे. भिंगात उभी-आडवी बारीक तार हवी. आधी काकूंचा केस लावला, तो जाड पडला. मग कोळ्याच्या जाळ्याचा धागा आणला. तारा तारेवर आणायचा, दांडी हळूहळू फिरवत राहायचं आणि बघायचं. उत्तरेकडं सरकला तर अक्ष पश्चिमेला झुकलाय, दक्षिणेकडं सरकला तर पूर्वेला. मग बैठकीच्या दोन्ही बाजूंना ठोकलेल्या सागवानी पाचरी केसभर हलवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. अक्षाची उंची तपासायला पूर्वेचा तारा, त्याचं आणखी वेगळं. त्या पाचरींना हात लावायची काकूंना बंदी होती. धूळ पुसायलासुद्धा.

मी खाली खोलीत पडून ऐकायचो. वर लाकडावर हातोडीचा एक हलका ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग मालकांचा आवाज, "सरकला." इतक्या निराश सुरात हा शब्द मी पुढं कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

दरम्यान विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्याकडची हवा फिरली. खेड्यापाड्यांत घरं जळली. राणीसावरगावच्या बाजूला माझी मावशी दिली होती. तिथली वस्ती पोरंबाळं घेऊन रातोरात उठली. हे मला हसत सांगता येत नाही, म्हणून इथंच थांबतो. सेलूतली सभ्य माणसं जाळपोळ करणारी नव्हती. ती शिष्टमंडळं नेणारी होती.

ते शिष्टमंडळ आमच्याकडं थंडीत आलं. त्याच आठवड्यात मालकांचा अक्ष लागला होता. मृगाचा तारा तारेवर बसला तो हललाच नाही. त्यांनी मला आणि काकूंना वर बोलावून ही बातमी दिली. बघू दिलं नाही, फक्त सांगितलं. पूर्वेला शनी उगवत होता. दोन दिवस अक्ष टिकतो का बघू, मग काकूंना दाखवू, असं ठरलं. काकूंनी त्या दोन दिवसांत शनीला घालायला रुईची पानंही आणून ठेवली.

पेंडवाले, एक निवृत्त मास्तर आणि चहाला आलेले एक तिसरे असे तिघं जण गच्चीवर येऊन बसले. मी जिन्याच्या दारात उभा होतो. कशासाठी आलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही खोली गेली तर सेलूत मला दुसरी मिळणार नव्हती, आणि खोली नाही तर नोकरी नाही.

"आमचं वैयक्तिक काहीच न्हाई," पेंडवाल्यांनी सुरुवात केली. "पोरगं सालस हाय. पण वातावरण बगा जरा. गल्लीत फिकर हाय लोकांना."

"वातावरण आज एकदम साफ हाय," मालक आकाशाकडं बघत म्हणाले.

मास्तरांनी घसा साफ केला. "त्याला दुसरीकडं सोय बघायला सांगा. एवढंच."

"कसं सांगू? अक्ष लागलाय."

"म्हंजी?"

"हा खांब खोलीच्या भिंतीवर उभा हाय. खोलीत एक माणूस, त्याचं अंथरूण, त्याचा पाण्याचा माठ, हे सगळं धरून मी अक्ष लावलाय. माणूस काढला की भिंत वर उचलती."

"किती उचलती?"

"तुमाला दिसणार न्हाई. ताऱ्याला दिसती."

पेंडवाले व्यापारी माणूस, त्यांनी लगेच तोड काढली. "त्याच्या वजनाचं ज्वारीचं पोतं टाकतो की खोलीत. माझ्या गोदामातून."

"पोतं कूस बदलत न्हाई. माझं गणित कूस बदलण्यासकट हाय. अन् उंदरांनी खाऊन वजन घटलं तर ते कोण भरून देणार?"

"मग दुसरा भाडेकरू देतो. चांगल्या घरचा."

"द्या. पण त्याच्यासाठी पयल्यापासून दोन वर्षं लागतील. तवर तुमी माडी उतरवून घ्या, म्हंजी ध्रुव दिसल अन् काम लवकर हुईल."

तिसरे गृहस्थ खुदकन हसले आणि लगेच चहाच्या कपात बघायला लागले. पेंडवाले चिडले. हे सगळं थोतांड आहे, असेल हिंमत तर दाखवा, म्हणाले. मालक म्हणाले, या. आणि त्यांनी पेंडवाल्यांना भिंगाला डोळा लावू दिला. जिन्यात कपांचा ट्रे घेऊन बसलेल्या काकूंचं तोंड उघडंच राहिलं.

दांडी मालकांच्या हातात होती. मास्तर तपासनीस होऊन कंदील घेऊन त्या हातावर नजर ठेवून बसले. तारा तारेवर. दांडी फिरते आहे. तारा जागच्या जागी.

"आता तुमी खाली जा," मालक मला म्हणाले, "अन् कोपऱ्यावर उभं राहा."

मी गेलो. कोपऱ्यावर दिव्याच्या खांबापाशी उभा राहिलो. येणारे-जाणारे माझ्याकडं बघत होते आणि मला वाटत होतं, या क्षणी माझं या गावात कुठंच काही नाही. मला राग आला होता. पेंडवाल्यांचा आला होता आणि मालकांचाही. माणूस ठेवायचा तर माणूस म्हणून ठेवा, वजन म्हणून काय ठेवता, असं मनात येत होतं. एवढ्यात गच्चीवरून आरोळी आली.

"गेला! गेला वो तारा!"

मला वर बोलावलं. मी खोलीत पाऊल ठेवताच तारा परत आल्याचं पेंडवाल्यांनी जाहीर केलं. त्यांच्या आवाजात शोध लावल्याचा आनंद होता. मास्तरांनी साक्ष दिली की हात एकसारखा फिरत होता, हातात काही लबाडी नव्हती. तिघं खाली उतरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाजारात झालं होतं की पोस्टातल्या पोराच्या वजनावर आकाशातला तारा थांबतो. मला खोलीवरून काढायचं कुणी पुन्हा बोललं नाही. मला वाटतं, ते लोकही मनातून सुटले. चांगलं वागायला त्यांना काहीतरी सबब लागत होती, आणि माणुसकी ही सबब चारचौघांत सांगायला त्यांना लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी मला जेवायला बोलावलं. मी विचारलं, शनी बघितला का? काकू भाकरी थापत राहिल्या. वरून हातोडीचा हलका ठोका ऐकू आला.

"अक्ष बिघडला," त्या म्हणाल्या.

"आपोआप?"

"आपोआप कसला. मी जिन्यात बसले हुते की. मास्तर हाताकडं बघायले, अन् यांनी धोतराच्या आडून गुडघ्यानं पाचर दाबली. एका बाजूनं एकदा, मग दुसऱ्या बाजूनं एकदा. दोन वर्षं जिला फडकं लावू दिलं न्हाई, ती पाचर." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "अन् खांब भिंतीवर कुठं हाय? खाली कोठीत येऊन बगा. जमिनीतून, तुमच्या भिंतीच्या पल्याडनं, सरळ वर गेलाय, भिंतीला अन् गच्चीला कुठं टेकत बी न्हाई. वर कुणी नाचलं तरी हालू नये म्हणूनच तसा बांधलाय. तुमचं वजन त्याला कळत बी न्हाई."

"आणि तुमचा शनी?"

"शनी कुठं जायलाय? पुढल्या सालीबी उगवंल की." मग माझ्या ताटात भाकरी वाढत म्हणाल्या, "जेवा तुमी."

ताट तसंच ठेवून मी उठलो. हात धुतला आणि गच्चीवर गेलो. मालक पाटी घेऊन बसले होते, पाटीवर नव्यानं आकडे मांडलेले. मी म्हणालो, "मालक, तुम्ही माझ्यासाठी..."

"लोखंड हाय ते," त्यांनी मला मध्येच तोडलं. "थंडीत आकसतं. सरकतं असंच. उगं बोलत उभं राहू नका, मला दांडी फिरवायचीय. तुमी डोळा लावा अन् सांगा, तारा वर सरकायलाय का खाली."

मी वाकलो आणि पहिल्यांदा त्या भिंगाला डोळा लावला. आत नुसता पांढरा गोळा होता, कडा फुटलेला, भिजलेला. तार दिसत नव्हती.

"सांगा की."

"दिसत नाही, मालक."

दांडी थांबली.

"मग डोळे पुसा," ते म्हणाले, "अन् परत बगा. घाई न्हाई काही. दोन वर्षं हायेत आपल्याजवळ."